डीजेची तालीम: उस्ताद, शाळा आणि स्वतः शिकलेली पोरं

आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. कोल्हापूर-सांगलीकडे तिलाच ‘डॉल्बी’ म्हणतात. गणपतीची मिरवणूक असो, महापुरुषांची जयंती असो, ईद-ए-मिलादचा जुलूस असो की लग्नाची वरात, ही भिंत सगळीकडे पोचली आहे. तिच्यावरून वाद होतात ते आवाजाचे, परवानगीचे आणि धर्माचे. त्या भिंतीमागे मशीनवर उभा असलेला पोरगा या वादात कुठंच नसतो. हे काम त्याला कोणी शिकवलं, हेही कोणी विचारत नाही.

मी स्वतः डीजे नाही. मला रस आहे तो कसब एका हातातून दुसऱ्या हातात कसं जातं, याच्या इतिहासात. आमच्या मोहल्ल्यात मंडप, लाइट आणि साउंडचा धंदा करणारी बरीच मुलं आहेत. त्यातल्या एकानं मध्यंतरी मला विचारलं, “भाईजान, शहरात डीजेचा कोर्स निघालाय. सर्टिफिकेट देतात. फी भरू का मोबाइलवर बघून शिकू?” प्रश्न साधा होता, पण त्याच्या मागं पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो न्यू यॉर्कच्या गरीब वस्त्यांत घडला. गंमत म्हणजे त्याच्याही बरंच आधी अगदी असाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रात गाण्याच्या बाबतीत विचारला गेला होता आणि त्याच्या उत्तराची किंमत मोजणाऱ्यांत मुसलमान उस्तादांची घराणी होती. म्हणून हे दोन इतिहास शेजारी ठेवून बघावेत, असं मला वाटतं.

तबकडी वाजवणारा कारागीर कसा झाला?

डीजे म्हणजे ‘डिस्क जॉकी’. हा शब्द रेडिओतून आला. स्टुडिओत बसून तबकड्या लावणारा तो डिस्क जॉकी. एक गाणं संपलं की दुसरं लावायचं, मध्ये दोन शब्द बोलायचे, एवढंच त्याचं काम. त्याला कोणी कलाकार म्हणत नव्हतं.

चित्र बदललं ते १९७० च्या आसपास न्यू यॉर्कच्या क्लबांत. फ्रान्सिस ग्रासो नावाचा तरुण ‘सँक्च्युअरी’ या क्लबमध्ये तबकड्या वाजवायचा. हा क्लब एका जुन्या चर्चच्या इमारतीत होता. ग्रासो दोन टर्नटेबल घेऊन उभा राहायचा. पहिलं गाणं संपायच्या आत दुसऱ्याचा ठेका त्याच्या ठेक्यावर बसवायचा. नाचणाऱ्यांच्या पायांना गाणं बदलल्याचं कळतही नसे. त्यासाठी तो एक युक्ती वापरायचा. टर्नटेबल फिरत असताना तबकडी बोटानं धरून ठेवायची, खाली मऊ नमद्याची चकती फिरत राहू द्यायची आणि नेमक्या क्षणी बोट काढायचं. तबकडी लगेच पूर्ण वेगानं सुरू होते.

ग्रासोनं ही कला कोणत्याही वर्गात शिकली नव्हती. पण तबकडी धरून ठेवण्याची युक्ती रेडिओ केंद्रांतल्या तंत्रज्ञांना आधीपासून माहीत होती. ग्रासोनं ती क्लबात आणली आणि पुढं मायकेल कॅपेलो, स्टीव्ह डी’अक्विस्टो यांना शिकवली. म्हणजे ज्याला आपण पहिला स्वयंशिक्षित म्हणतो, त्याच्या आधीही कोणीतरी होतं आणि त्याच्यानंतर त्याचे शागीर्द होते.

ब्राँक्स: शाळेतली वाद्यं गेली, घरातल्या तबकड्या उरल्या

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. ब्राँक्स हा न्यू यॉर्कचा उत्तरेकडचा भाग. तिथल्या वस्त्या चिरत एक महामार्ग गेला आणि हजारो कुटुंबं उठली. कारखाने बंद पडत गेले. घरमालक विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच इमारतींना आगी लावतात, असे आरोप रोज होत. १९७५ मध्ये तर न्यू यॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं. हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. अशा वेळी पहिली कात्री कुठं लागते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. चित्रकला, गाणं आणि वाद्यं यांचे तास गेले. मागच्या पिढीतल्या काळ्या मुलांना शाळेत ट्रम्पेट किंवा ड्रम हाती मिळायचा. या पिढीला तो मिळाला नाही. त्यांच्या हाती आल्या आई-वडिलांच्या तबकड्या.

१९६७ मध्ये जमैकाहून एक मुलगा या ब्राँक्समध्ये आला. क्लाइव्ह कॅम्पबेल त्याचं नाव, पुढं तो ‘कूल हर्क’ म्हणून ओळखला गेला. जमैकात गल्लीबोळांत मोठमोठे स्पीकर लावून नाच करण्याची पद्धत होती. ते त्यानं लहानपणी पाहिलं होतं. वडिलांकडं एक साउंड सिस्टीम होती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच्या बहिणीनं, सिंडीनं, शाळा सुरू होण्याआधी कपड्यांसाठी पैसे जमवायचे म्हणून १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट होतं. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून आज हीच तारीख मानली जाते.

हर्कनं एक गोष्ट हेरली होती. गाण्यात शब्द थांबून फक्त ढोल-ताशा उरतो, त्या तुकड्यावर पोरं सगळ्यात जास्त नाचतात. हा तुकडा काही सेकंदांचाच असतो. मग त्यानं एकाच तबकडीच्या दोन प्रती घेतल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच तुकडा सुरू करायचा, तोवर पहिली मागं न्यायची. दहा सेकंदांचा तुकडा असा कितीही लांबवता येऊ लागला.

आणि हर्क आणखी एक गोष्ट करायचा. तबकडीवरचं लेबल पाण्यात भिजवून काढून टाकायचा. कोणती तबकडी आहे, ते दुसऱ्याला कळू नये म्हणून. हा सल्ला त्याला वडिलांनीच दिला होता. हे वाचलं तेव्हा मला आपल्या घराण्यांच्या गोष्टी आठवल्या. खास बंदिश घरच्याच मुलाला द्यायची, बाहेरच्या शागीर्दाला वर्षानुवर्षं एकाच रागावर ठेवायचं, पडद्याआड लपून दुसऱ्याचा रियाज ऐकायचा. आपण या गोष्टी कौतुकानं सांगतो किंवा उस्तादांच्या कोत्या मनाचा पुरावा म्हणून तरी सांगतो. पण ज्याच्याकडं जमीन नाही, दुकान नाही, पदवी नाही, फक्त कसब आहे, तो ते कसब झाकून ठेवणारच. ब्राँक्समधला सतरा-अठरा वर्षांचा हर्क आणि दरबार गमावलेला खाँसाहेब या बाबतीत एकाच अडचणीत होते.

फ्लॅशचे उस्ताद

हर्कचा ठेका मात्र नेमका बसत नसे. सुई तो अंदाजानं टाकायचा. ते नेमकेपण आणलं जोसेफ सॅडलर यानं. जगाला तो ‘ग्रँडमास्टर फ्लॅश’ म्हणून माहीत आहे. जन्म बार्बाडोसचा, वाढला ब्राँक्समध्ये. स्वतः शिकलेल्या डीजेचं उदाहरण द्यायचं झालं तर सगळ्यात आधी याचंच नाव घेतात. तो नेमका कसा शिकला, हे म्हणून जरा बारकाईनं पाहू.

घरी वडिलांचा तबकड्यांचा संग्रह होता आणि त्याला हात लावायची सक्त मनाई होती. तो हात लावायचा आणि मार खायचा. पुढं तो सॅम्युअल गोम्पर्स या व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला. आपल्या आयटीआयसारखंच हे शिक्षण. संगीताचा तास तिथं त्याच्या वाट्याला आला नाही, पण सर्किट कसं वाचायचं, डाग कसा द्यायचा, स्विच कसा बसवायचा हे आलं. उकिरड्यावर टाकलेले रेडिओ आणि बंद पडलेली यंत्रं आणून तो उघडायचा. ही त्याची पहिली तालीम.

दुसरी तालीम हर्ककडून. बागेत हर्कला वाजवताना त्यानं पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की कल्पना मोठी आहे, पण ठेका तुटतोय. तिसरी तालीम पीट ‘डीजे’ जोन्सकडून. जोन्स हा वयानं मोठा, डिस्को वाजवणारा सफाईदार डीजे. त्याचा ठेका कधी तुटत नसे. जोन्सनं फ्लॅशला आपल्या मशीनवर उभं राहू दिलं, तेव्हा त्याला रहस्य कळलं. पुढची तबकडी लोकांना ऐकवण्याआधी जोन्स ती हेडफोनमध्ये ऐकत होता. फ्लॅशच्या साध्या मिक्सरमध्ये ती सोय नव्हती. मग इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पोरानं स्विच बसवून ती सोय घरीच तयार केली.

चौथी तालीम आईची. आई शिवणकाम करायची. टर्नटेबलवरच्या रबरी चकतीमुळं तबकडी मोकळी मागं फिरत नव्हती. फ्लॅशनं नमद्याचं कापड आणलं. ते फारच मऊ निघालं, तेव्हा आईच्या कपड्यांना मारायच्या खळीनं कडक केलं आणि इस्त्री केली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या ‘स्लिपमॅट’चं हे घरगुती रूप.

मग त्यानं हिशेब मांडला. तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. दहा सेकंदांचा तुकडा असेल तर साधारण साडेपाच फेरे. मग सुई उचलायची गरजच काय? तबकडीवर क्रेयॉननं खूण करायची, ती खूण घड्याळाच्या काट्यासारखी बघायची आणि मोजून तेवढे फेरे हातानं मागं फिरवायचे. हे बसवण्यात त्यानं महिनेच्या महिने खोलीत काढले. पहिल्यांदा लोकांपुढं वाजवलं, तेव्हा गर्दी नाचलीच नाही, नुसती उभी राहून बघत राहिली, असं तो स्वतः सांगतो. तंत्र जमलं होतं, मैफल जमली नव्हती. गर्दी कशी वाचायची, हे पाचवं शिक्षण त्याला गर्दीनंच दिलं.

फ्लॅशचा साथीदार होता जीन लिव्हिंग्स्टन. सराव त्याच्या घरी चालायचा. जीनचा धाकटा भाऊ थिओडोर कडेला उभा राहून बघायचा. त्याचं कसब फ्लॅशनं ओळखलं आणि दुधाच्या क्रेटवर उभं करून त्याला मशीनवर हात चालवू दिला. हाच मुलगा १९७५ च्या सुमारास एकदा घरी मोठ्यानं तबकड्या वाजवत होता. आई आवाज कमी कर म्हणून सांगायला आली. तिचं ऐकता यावं म्हणून त्यानं तबकडी हातानं धरली आणि ती नकळत मागं-पुढं हलली. त्यातून खरखर आवाज आला. तो आवाज त्याला आवडला. त्यानं त्यावर मेहनत घेतली आणि ‘स्क्रॅच’ जन्माला आला. योगायोग एका दुपारचा होता, पण तो ओळखणारा कान फ्लॅशच्या शेजारी उभं राहून तयार झाला होता.

म्हणून ‘स्वतः शिकलेला’ हा शब्द मी जपून वापरतो. या पोरांनी फी भरली नाही आणि त्यांना प्रमाणपत्र मिळालं नाही, एवढंच त्या शब्दात खरं आहे. वडिलांचा संग्रह, आईची खळी, सरकारी व्यवसाय शाळा, वस्तीतला मोठा भाऊ आणि मशीनवर उभं राहू देणारा प्रतिस्पर्धी, एवढे सगळे त्यांच्या मागं होते. यातलं काही नसतं तर नुसत्या जिद्दीवर हे झालं असतं का, मला शंका आहे.

शाळा निघाली ती कोणी काढली?

१९८३ मध्ये हर्बी हॅनकॉकचं ‘रॉकिट’ आलं. त्यात ग्रँडमिक्सर डीएसटीनं केलेलं स्क्रॅच रेडिओ आणि टीव्हीवरून जगभर ऐकलं गेलं. ब्राँक्सपासून हजारो मैल दूर सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात फिलिपिनो वंशाची मुलं ते ऐकून घरी सराव करू लागली. त्यातूनच डीजे क्यूबर्टसारखे कलावंत निघाले. ८० च्या दशकात डीएमसी ही जागतिक स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या व्हिडिओ कॅसेट हातोहात फिरल्या. आता शागीर्दाला उस्तादाच्या शेजारी उभं राहायची गरज उरली नाही. कॅसेट मागं घेऊन शंभर वेळा बघता येत होती.

पण या स्पर्धांच्या जगात एक कडक नियम होता. दुसऱ्याची करामत जशीच्या तशी उचलली तर गर्दी हुर्यो उडवायची. नक्कल ही चोरी होती. आणि शाळेचा तर सगळा पाया नकलेवरच असतो. मास्तर करतो तसं कर, मग तुझं तू कर. म्हणून डीजेची शाळा निघणार म्हटल्यावर अनेक जुन्या लोकांनी नाक मुरडलं. प्रत्येक जण सारखाच वाजवेल, ही त्यांची भीती होती.

शाळेसाठी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे लिपी. हाताची हालचाल कागदावर उतरवता आली पाहिजे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जॉन कार्लुचिओ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्क्रॅचची एक लेखनपद्धती बनवली. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर तबकडीचं पुढं-मागं फिरणं, आणि आवाज बंद केल्याची वेगळी खूण. २००० मध्ये बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातले प्राध्यापक स्टीफन वेबर यांनी टर्नटेबलच्या तंत्रावर पाठ्यपुस्तक काढलं आणि २००४ मध्ये त्या नामांकित संस्थेत त्याचा वर्ग सुरू झाला.

माझ्या दृष्टीनं मोठी घटना मात्र त्याआधीची, २००२ ची. ‘रन-डीएमसी’ या गाजलेल्या गटाचा डीजे जेसन मिझेल, म्हणजे जॅम मास्टर जे, यानं दोन सहकाऱ्यांसह न्यू यॉर्कमध्ये ‘स्क्रॅच डीजे अकॅडमी’ काढली. जे हा क्वीन्सच्या वस्तीतून आलेला, वस्तीतच शिकलेला. टर्नटेबल घ्यायची ऐपत नसलेल्या मुलालाही तासाच्या हिशेबानं ते वापरता यावं आणि ज्यांनी ही कला घडवली त्यांच्याकडूनच ती शिकता यावी, हा या शाळेचा पाया होता. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला क्वीन्समधल्या स्टुडिओत जेचा गोळ्या घालून खून झाला. शाळा त्याच्या मागंही चालली आणि हजारो मुलं तिथून शिकून गेली.

इथं एक बाब नोंदवली पाहिजे. स्क्रॅचच्या प्रकारांची नावं बघा. ‘फ्लेअर’ नावाचा प्रकार आहे, तो डीजे फ्लेअर या माणसाच्या नावावरून. वर्गात पहिल्याच आठवड्यात ‘बेबी स्क्रॅच’ शिकवताना थिओडोरची गोष्ट सांगितली जाते. शाळा निघाली, लिपी आली, फी आली, पण ज्यानं शोधलं त्याचं नाव अभ्यासक्रमातून पुसलं गेलं नाही. कारण शाळा काढणारा त्याच बिरादरीचा होता.

आपल्याकडं काय झालं?

आता आपल्या घरात येऊ. ५ मे १९०१ रोजी पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढं १९०८ मध्ये ते मुंबईत आले. फी, इयत्ता, परीक्षा, छापील पुस्तकं असं गाण्याचं शिक्षण सुरू झालं. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून बंदिशी गोळा केल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांचे सहा भाग दिले. १९२६ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं. दोघांचं काम अफाट आहे. मध्यमवर्गीय घरातल्या मुलींना उजळ माथ्यानं गाणं शिकता येऊ लागलं, ते या शाळांमुळं. हा हिशेब मांडताना ते विसरून चालणार नाही.

पण भातखंड्यांनी या बंदिशी कुठून आणल्या? रामपूर, जयपूर अशा ठिकाणच्या उस्तादांकडून. पिढ्यान्‌पिढ्या कंठात सांभाळलेला हा ठेवा होता. इतिहासकार जानकी बखले यांनी ‘टू मेन अँड म्युझिक’ या २००५ च्या ग्रंथात हा सगळा काळ तपासला आहे. उस्तादांचं गाणं हवं, पण उस्ताद अशिक्षित, त्यांना शास्त्र माहीत नाही, ही त्या काळातल्या सुधारकांची धारणा त्यातून स्पष्ट दिसते. गाणं राष्ट्राचं झालं आणि ते जपणारी घराणी मात्र अडाणी ठरली. स्वरलिपीत बंदिश उतरते, पण ती ज्याच्या गळ्यातून आली त्याची पुढची पिढी त्या संस्थेत शिक्षक म्हणून असेल की नाही, हे लिपी ठरवत नाही. ते संस्था चालवणारे ठरवतात.

तरी चित्र एकरंगी नाही. उस्ताद अहमदजान थिरकवा, ज्यांचा तबला बालगंधर्वांच्या नाटकमंडळीत वाजला, पुढं लखनौच्या त्याच संस्थेत शिकवायला होते. खुद्द पुण्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये आर्य संगीत विद्यालय काढलं. कैरान्याचा हा मुसलमान गवई, नाव ठेवलं ‘आर्य’, शिष्य बहुतेक मराठी हिंदू घरांतले. मुलं तिथं राहायची, खायची आणि शिकायची. शाळेची शिस्त आणि घराण्याची तालीम एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. म्हणजे उस्तादांना शाळाच नको होती, हे खरं नाही. त्यांच्याकडं संस्था टिकवायला लागणारा पैसा आणि पाठबळ नव्हतं. खाँसाहेबांची शाळा फार वर्षं चालली नाही. त्यांचं किराणा घराणं मात्र महाराष्ट्रात आणि कर्नाटकात रुजलं. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आजही त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात.

तबकडीचं कामही आपल्याकडं तेव्हाच सुरू झालं होतं. अल्लादिया खाँसाहेबांनी कोल्हापूर दरबारात आणि पुढं मुंबईत आयुष्य काढलं, पण व्यावसायिक तबकडी कधी दिली नाही. त्यांचं गाणं केसरबाई, मोगूबाई आणि त्यांच्या मुलांच्या गळ्यातूनच आपल्यापर्यंत आलं. अब्दुल करीम खाँनी मात्र तबकड्या दिल्या. त्यातली एक लहानग्या भीमसेन जोशींनी ऐकली आणि गुरूच्या शोधात १९३३ मध्ये घर सोडलं. शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा तर तबकड्या ऐकून थोरामोठ्यांची हुबेहूब नक्कल करायचा. तोच पुढं कुमार गंधर्व झाला. पण दोघांचीही गोष्ट तबकडीवर संपत नाही. भीमसेन सवाई गंधर्वांच्या दारात पोचले, कुमार मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांच्या शाळेत. ज्याला आज ‘यूट्यूबवर बघून शिकणं’ म्हणतात, ते आपल्याकडं नव्वद वर्षांपूर्वी ग्रामोफोनवर होत होतं. तबकडीनं भूक लावली. भागवली ती माणसानं.

मग फी भरायची का?

त्या मुलाला मी जे सांगितलं, तेच इथं लिहितो.

गाणी जुळवणं आता अवघड राहिलेलं नाही. फ्लॅशला जे महिनोन्‌महिने लागले, ते संगणकावर एक बटण दाबून होतं. त्यासाठी मोठी फी देण्यात अर्थ नाही. कोणत्या वरातीत, कोणत्या वस्तीत, रात्री किती वाजता कोणतं गाणं लावायचं, हे तर कोणताच वर्ग शिकवू शकत नाही. ते गर्दीपुढं उभं राहूनच येतं आणि आपल्या पोरांना ते शहरातल्या क्लासवाल्यांपेक्षा जास्त कळतं.

पण काही गोष्टी अशा आहेत की त्या स्वतः शिकायला गेलं तर किंमत शरीरानं मोजावी लागते. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचा मापदंड आहे की ८५ डेसिबल आवाजात आठ तासांपेक्षा जास्त काम करू नये. दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मिरवणुकीत आपली पोरं त्याहून मोठ्या आवाजात पाच-सहा तास भिंतीला टेकून उभी असतात. कानात काही घातलेलं नसतं. कानात सतत शिट्टी वाजते म्हणून सांगणारे तिशीतले साउंडवाले मला भेटले आहेत. गेलेला कान परत येत नाही आणि हे त्यांना वेळेवर कोणी सांगितलं नाही. पावसात जनरेटरची जोडणी, अर्थिंग, उघड्या वायरी, हेही तसंच. आणि कायदाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. गुन्हा दाखल होतो, मशीन जप्त होतं, तेव्हा मंडळाचा अध्यक्ष सुटतो आणि पोरगा सापडतो. या तीन गोष्टी नीट शिकवणारा वर्ग असेल, तर फी वसूल आहे.

म्हणून क्लासमध्ये जाऊन आधी चार प्रश्न विचार, असं मी त्याला म्हटलं. शिकवणारा स्वतः लोकांपुढं किती वर्षं वाजवतो? प्रत्येक मुलाला मशीनवर किती तास मिळतात? कान, वीज आणि कायदा यांवर किती वेळ देतात? आणि हे कसब कुठून आलं, कोणी घडवलं, हे सांगतात का? चौथा प्रश्न त्याला विचित्र वाटला. पण हर्क आणि थिओडोर ज्याला माहीत नाहीत तो मास्तर फक्त मशीनची बटणं दाखवणार, हे त्याला पटलं.

एक सूचना आपल्या समाजातल्या संस्थांसाठी. मदरशात संगणक आला, शादीखान्यात शिवणवर्ग आले, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आल्या. ज्या धंद्यावर आपली एवढी मुलं पोट भरतात, त्या मंडप, लाइट आणि साउंडची तालीम मात्र कुठंच नाही. संगीताबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते मी जाणतो. पण वायर कशी जोडायची आणि कान कसे वाचवायचे, यात मतभेदाला जागा नाही. हा वर्ग काढायला मोठी इमारत लागत नाही. मोहल्ल्यातला एखादा जुना साउंडवाला, वायरमन आणि बँडमध्ये आयुष्य घालवलेला मास्तर बोलवा, त्यांना मानधन द्या, फलकावर त्यांची नावं लिहा. शंभर वर्षांपूर्वी आपल्या उस्तादांच्या हातून शाळा निसटली. या वेळी ती कारागिरांच्याच हाती राहील, एवढं पाहायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.